जिभेपुरती जागा

इथेलच्या दुकानात लगामाच्या कड्या
आकड्यांना मासळीसारख्या टांगलेल्या.
“किती वर्षं झाली?” त्यानं विचारलं.
मी चार बोटं दाखवली.
शब्द होता, पण तो ओठापर्यंत यायच्या आत
दुसरं गिऱ्हाईक आलं असतं.

घोडा अडतो तो न फिरवल्यानं,
हे कुणीही सांगेल.
का नाही फिरवला, हे टेकडीला विचारा.
मी पलंगावर, ती कुरणात,
मध्ये कुंपणाची तार
आणि तारेला अडकलेली मेंढ्यांची लोकर.

ब्रिथेन. चौदा वर्षांची, ठिपक्याठिपक्यांची,
आमच्या चॅपलमधल्या पाद्र्यापेक्षा चोखंदळ.
गाजर चालतं, चिरलेलं चालत नाही.
पाणी चालतं, निळ्या बादलीतलं चालत नाही.
आणि लोखंड दिसलं की मान थेट आभाळात.

इथेलनं खोक्यात नऊ कड्या भरून दिल्या, उसन्या.
“जाड ती मऊ, असं लोक समजतात.
आधी तोंड उघडून बघ, आत जागा किती आहे.”

नेरिसनं दोर धरला. मी अंगठा घातला
पुढचे दात संपून दाढा सुरू व्हायच्या आधीच्या
त्या उघड्या हिरडीवर.
देवानं लगामासाठी जागा ठेवलीय, बाप म्हणायचा.
मला वाटतं देवानं नुसतीच जागा ठेवली होती.
माणसाला मोकळं काही बघवत नाही.

रबराची आडवी कडी मावेचना,
जीभच केवढी, टाळू किती खाली.
सफरचंदाच्या वासाची हुंगून ती शिंकली.
मधोमध एकच सांधा असलेली
अडकित्त्यासारखी मिटली असावी आत:
नेरिसच्या पायावर खूर पडला
आणि नेरिसनं जी शिवी हासडली
ती मला अजून स्पष्ट आठवते, उच्चारासकट.

मंगळवारी मेरेड येते, माझं तोंड शिकवायला.
जिभेवर लाकडी पट्टी, गालाच्या आत चमचा.
“ढकला. आता उजवीकडे. आता म्हणा, बादली.”
मी ढकलतो. मला बादली दिसते,
तिची कडी दिसते, तळाचं शेवाळ दिसतं.
शब्द येत नाही.
मुलगी चांगली आहे. पण चमचा गार असतो,
आणि तेही मला सांगता येत नाही.

म्हणून बुधवारी तबेल्यात, सातवी कडी,
तीन तुकड्यांची, मधे तांब्याचा वाटाणा,
मी स्वतःच्याच तोंडात धरली.
नेरिस खिडकीतून बघत होती. बघू दे.
डावीकडे काहीच नाही.
उजवीकडे अख्खा फेब्रुवारी.

मग ती सदऱ्याच्या आत, काखेत धरली.
मनात शंभर मोजले, साठाशी चुकलो,
पुन्हा एकपासून.
तळहातावर घेऊन तिच्या ओठांखाली नुसती ठेवली.
दातांवर आपटली नाही. ‘चल’ म्हटलं नाही,
म्हणताही आलं नसतं.

तिनं ऊब हुंगली, माझी काख हुंगली असणार.
खालचा ओठ थरथरला,
आणि न लावलेलं दार वाऱ्यानं सरकावं
तेवढंच तोंड उघडलं.
कान मागे, कान पुढे.
वाटाणा जिभेवर घोळवत राहिली बराच वेळ,
म्हातारी खडीसाखर घोळवते तशी.

खोगीर घातलंच नाही.
फाटकापर्यंत गेलो, लगाम ढिला सोडून,
ती नालांशिवाय, मी काठीशिवाय,
कोण कुणाला नेत होतं ते सोडा.
फाटकाशी थांबून मी म्हटलं, “ब…”
तिनं एक कान वळवला. थांबली.
इथेलसारखी घाई नाही तिला.
“ब… बा… बादली!”

म्हणायचं होतं ब्रिथेन.
आली बादली, अख्खी, कडीसकट.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
निळ्या बादलीकडे पाहावं तसंच,
आणि हिरवा फेस पुसला माझ्या बाहीला,
जिथे मीही पुसतो, दिवसभर,
ओठांचा डावा कोपरा.